फाळक्यांचा हिशेब

1912 साली मुंबईत धुंडिराज गोविंद फाळके यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि तिच्यासमोर कॅमेरा रोवला. दिवसाकाठी थोड्याच चौकटी टिपायच्या, मग कॅमेरा तसाच ठेवायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच जागेवरून टिपायच्या, असा क्रम त्यांनी कित्येक दिवस चिकाटीनं चालवला. ही फीत यंत्रावर चढवली, तेव्हा बघणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत दाण्याला कोंब फुटला, माती दुभंगली आणि बघता बघता वेल उभी राहिली. 'अंकुराची वाढ' हे या लघुपटाचं नाव. शाळेतल्या मुलांना वनस्पतिशास्त्र शिकवायला तो आजही चालेल, पण तो काढला होता सावकारांसाठी. चित्रपट काढायला पैसे हवे होते आणि चित्रपट म्हणजे काय हे पैसेवाल्यांना तोंडी सांगून पटत नव्हतं. ही फीत पाहिल्यावर छायाचित्रणाच्या सामानाचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी कर्ज द्यायला तयार झाले.

फाळक्यांना आपण भारतीय चित्रपटाचे जनक म्हणतो. त्यांच्या नावाचा पुरस्कार आहे, गोरेगावची चित्रनगरी आहे, नाशिकला पांडवलेणीच्या पायथ्याशी स्मारक आहे. या सगळ्या गौरवात त्यांचा एक पेशा झाकला जातो. ते निर्माते होते, आणि तेही स्वतंत्र निर्माते. पाठीशी स्टुडिओ नाही, घराण्याचा पैसा नाही, बँक दारात उभी करत नाही, अशा अवस्थेत त्यांनी एका चित्रपटाच्या पैशातून दुसरा उभा केला. आज नाशिक-पुण्यातला एखादा तरुण हातातली पटकथा घेऊन 'पैसा कुठून आणू' म्हणत हिंडतो, त्याच्या धंद्याची या देशातली पहिली नीट नोंदलेली कहाणी फाळक्यांची आहे. म्हणून या प्रकरणात त्यांच्या कॅमेऱ्यापेक्षा त्यांच्या हिशेबाकडे जास्त बघू.

त्यांचा जन्म 30 एप्रिल 1870 रोजी त्र्यंबकेश्वरला, शास्त्र्यांच्या घरात झाला. मुंबईचं जे. जे. कलाविद्यालय, मग बडोद्याचं कलाभवन, छायाचित्रण, पुरातत्त्व खात्यातली नोकरी, स्वदेशीच्या वाऱ्यात तिचा राजीनामा, लोणावळ्याला छापखाना, रंगीत छपाई शिकायला जर्मनीची वारी, असा चाळिशीपर्यंतचा प्रवास आहे. छपाईच्या धंद्यात भागीदारांशी बिनसलं आणि ते बाहेर पडले. या शेवटच्या वाक्याकडे चरित्रकार फारसं थांबून बघत नाहीत. मला मात्र ते महत्त्वाचं वाटतं, कारण पुढे चित्रपटातही नेमकं हेच घडलं.

गिरगावात तंबूतल्या पडद्यावर त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि असेच आपले राम-कृष्ण पडद्यावर आणायचे, हे त्यांच्या मनानं घेतलं. त्यानंतर त्यांनी डोळ्यांचे हाल होईपर्यंत चित्रपट पाहिले, मिळेल ते वाचलं. दृष्टी जायची वेळ आली आणि उपचारांनी ती परत मिळाली. मग पहिलं भांडवल उभं केलं ते आयुर्विम्याच्या पॉलिस्या तारण ठेवून. बारा हजारांच्या पॉलिस्यांवर सुमारे दहा हजार रुपये हातात आले. आपण मेल्यावर बायकापोरांना मिळायचा पैसा त्यांनी जिवंतपणीच चित्रपटात ओतला. फेब्रुवारी 1912 मध्ये ते लंडनला निघाले. तिथे 'बायोस्कोप' साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न भेटले. त्यांनी आधी या नादाला न लागण्याचा सल्ला दिला, पण माणूस हटत नाही म्हटल्यावर वॉल्टनच्या स्टुडिओचे मालक सेसिल हेपवर्थ यांच्याशी गाठ घालून दिली. हेपवर्थ यांनी सगळे विभाग उघडून दाखवले. विल्यमसन कॅमेरा, फितीला छिद्रं पाडायचं यंत्र आणि कोडॅकच्या कच्च्या फिल्मची व्यवस्था करून फाळके एप्रिलमध्ये परतले.

ती कच्ची फिल्म कडांना छिद्रं न पाडता यायची. 35 मिलिमीटरच्या फितीवर एका फुटात 16 चौकटी बसतात आणि प्रत्येक चौकटीला दोन्ही बाजूंनी चार-चार छिद्रं लागतात. 'राजा हरिश्चंद्र'ची लांबी 3,700 फूट होती. म्हणजे केवळ पडद्यावर पोचलेल्या फितीला एका कडेवर 2,36,800 छिद्रं झाली, तेवढीच दुसऱ्या कडेवर. निगेटिव्ह वेगळी, वाया गेलेली फिल्म वेगळी. हे काम अंधारात, हातानं चालवायच्या यंत्रावर, छिद्र केसभरही न सरकू देता करायचं असतं. सरकलं तर पडद्यावर चित्र थरथरतं. घरातली रात्रीची निजानीज झाल्यावर सरस्वतीबाई फाळके हे काम करत. फिल्म धुण्याची रसायनं कालवणं, चित्रणाच्या वेळी उन्हाचा उजेड नटाच्या तोंडावर पाडायला पांढरी चादर धरून तास-तास उभं राहणं आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, हेही त्यांच्याकडेच होतं. त्यांचे दागिनेही या चित्रपटात गेले. निर्मितीचा खर्च मांडताना मजुरी म्हणून जी रक्कम धरावी लागते, ती इथे शून्य होती, कारण ती मजुरी एक बाई घरात करत होती. 'राजा हरिश्चंद्र'च्या अर्थकारणात सरस्वतीबाईंचा वाटा कुठल्याही सावकारापेक्षा मोठा आहे, असं मी तरी समजतो.

चित्रपटात काम करणं तेव्हा हलक्या प्रतीचं मानलं जाई. म्हणून फाळक्यांनी मंडळींना सांगून ठेवलं होतं, की कुणी विचारलं तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत नोकरीला आहोत असं सांगा. बाई मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. दत्तात्रय दाबके हरिश्चंद्र झाले, फाळक्यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. 21 एप्रिल 1913 रोजी ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांना खेळ दाखवला आणि 3 मे रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये चित्रपट लागला.

इथून निर्मात्याचं खरं काम सुरू होतं. सुरतेची एक आठवण सांगितली जाते. पहिल्या दिवसाचा गल्ला अगदीच किरकोळ जमला. लोकांचं म्हणणं असं, की त्याच पैशात नाटक सहा-सहा तास चालतं, तुमचं हे तासाभरात आटपतं. तेव्हा फाळक्यांनी जाहिरात दिली, की तीन आण्यांत सत्तावन्न हजार छायाचित्रं बघायला मिळतील आणि चित्रपटाची लांबी दोन मैल आहे. छायाचित्रांचा आकडा ताडून बघता येतो. 3,700 फुटांना प्रत्येक फुटात 16 चौकटी म्हणजे 59,200. म्हणजे तो जवळपास बरोबर होता. दोन मैल मात्र फुगवलेले होते, कारण 3,700 फूट म्हणजे पुरता एक मैलही होत नाही. प्रेक्षक वेळ मोजतोय हे ध्यानात येताच त्यांनी त्याला मोजायला दुसरं माप दिलं. विक्रीची ही समज चित्रकलेच्या शाळेत मिळत नाही.

पैसा परत येण्याची वाट मात्र फार लांबची होती. चित्रपट पुरा व्हायला सहा-आठ महिने, तोवर रोजचा खर्च रोखीत. मग प्रिंट घेऊन गावोगाव जायचं. एक प्रिंट एका वेळी एकाच गावात असते. प्रत्येक खेळात ती थोडी झिजते आणि पैसा आण्या-दोन आण्यांच्या नाण्यांत येतो. भारतीय चित्रपट विकत घेऊन देशभर फिरवणारी वितरणाची घडी अजून बसायची होती. कमाई हाती पडेपर्यंत पुढच्या चित्रपटाची उधारी सुरू झालेली असायची. चित्रपट चालूनही निर्माता कर्जात कसा राहतो, हे बाहेरच्याला कळत नाही. त्याचं उत्तर या मधल्या महिन्यांत आहे.

1913 च्या ऑक्टोबरात फाळक्यांनी बिऱ्हाड आणि कारखाना दोन्ही नाशिकला हलवलं. गोदेचा घाट, जुनी देवळं, वाडे, त्र्यंबकच्या वाटेवरचे डोंगर असं पौराणिक कथेचं नेपथ्य इथे फुकट उभं होतं. माणूसही या मातीतलाच. पहिल्या खेपेला 'मोहिनी भस्मासुर' झाला. त्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांनी कामं केली आणि भारतीय कथापटात पहिल्यांदा बायकांनी बायकांच्या भूमिका केल्या. मागोमाग 'सत्यवान सावित्री' आला. तीन चित्रपट घेऊन फाळके 1914 साली पुन्हा लंडनला गेले. तिथल्या जाणकारांनी वाखाणणी केली, तिथेच राहून चित्रपट काढण्याचे प्रस्ताव आले. ते नाकारून ते परत आले, कारण नाशिकला पगारावरची माणसं वाट बघत होती.

तेवढ्यात महायुद्ध पेटलं. कच्ची फिल्म परदेशातून यायची, आणि पैसे लावू म्हणणाऱ्यांनी हात आखडता घेतला. तीन यशस्वी चित्रपट आणि लंडनची वाहवा एवढी पुंजी असूनही हातात चौथ्या चित्रपटाचे पैसे नव्हते. स्वतंत्र निर्मात्याची ही खरी दुखरी नस आहे. त्याच्याकडे आडवेळेला काढायला काही साठवलेलं नसतं. एक दुवा तुटला की अख्खी साखळी थांबते. फाळके या काळात चित्रपट घेऊन फिरले. औंध आणि इंदूरसारख्या संस्थानांत खेळ केले, मदत मागितली, लोकांना कर्जासाठी जाहीर आवाहनं केली. 1917 साली 'राजा हरिश्चंद्र' नव्यानं चित्रित करून पुन्हा आणला, कारण पहिली प्रिंट खराब झाली होती. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आज जी रिळं आहेत ती या दुसऱ्या चित्रणाची, असं काही अभ्यासक मानतात.

मग त्याच वर्षी 'लंकादहन' आला. साळुंके यांनी राम आणि सीता दोघंही केले. पुण्यात, मुंबईत रांगा लागल्या. गल्ल्यातली नाणी पोत्यांत भरून बैलगाडीनं न्यावी लागली, अशी गोष्ट जुनी मंडळी सांगत आली. गोष्टीत भर पडली असेल, पण नाण्यांचं वजन खोटं नाही. आण्याआण्यांनी जमलेले हजारो रुपये उचलायला खरंच गाडी लागेल.

यश मिळताच भांडवल दारात आलं. लोकमान्य टिळक, रतनजी टाटा, शेठ मनमोहनदास रामजी अशा वजनदार माणसांनी फाळक्यांसाठी मोठी कंपनी काढायचं मनावर घेतलं. ती बोलणी तडीला गेली नाहीत. अखेर 1918 च्या आरंभी नाशिकला हिंदुस्थान फिल्म कंपनी उभी राहिली. वामन श्रीधर आपटे, मायाशंकर भट्ट, गोकुळदास दामोदर, माधवजी जेसिंग, लक्ष्मण बळवंत फाटक हे भागीदार. पैसा त्यांचा, काम फाळक्यांचं. पहिल्याच झपाट्यात 'श्रीकृष्णजन्म' आणि 1919 मध्ये 'कालिया मर्दन' आला. दोन्हींत फाळक्यांची लहान मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली आणि दोन्ही चित्रपट धो धो चालले.

आता उधारउसनवारीची चिंता सरली होती, म्हणजे सुख लागायला हवं होतं. झालं उलटंच. एका चित्रपटाला किती महिने लागावेत, किती फिल्म खर्च व्हावी, एखादा देखावा मनासारखा जमेपर्यंत पुन्हा पुन्हा घ्यावा की नाही, यावर भागीदारांशी खटके उडू लागले. भागीदारांची बाजू मला चुकीची वाटत नाही. त्यांनी व्याजाचा पैसा लावला होता आणि महिने मोजणं त्यांचं कामच होतं. फाळक्यांची बाजूही चुकीची नव्हती. 'लंकादहन' त्यांनी कुणाला न विचारता आपल्या मर्जीनं काढला होता आणि तोच सर्वांत जास्त चालला होता. अडचण अशी, की जोवर पैसा नव्हता तोवर शेवटचा शब्द त्यांचा होता, आणि पैसा आल्यावर तो वाटून घ्यावा लागला. छपाईच्या धंद्यात जे झालं तेच पुन्हा झालं. 1919 साली ते कंपनी सोडून सहकुटुंब काशीला गेले. तिथे त्यांनी 'रंगभूमी' नावाचं लांबलचक नाटक लिहिलं. 'संदेश'चे संपादक अच्युत बळवंत कोल्हटकर यांनी चित्रपटात परतायची गळ घातली, इकडे कंपनीलाही त्यांच्यावाचून अडत होतं. आपट्यांच्या बोलावण्यावरून ते नाशिकला आले, ते दरमहा हजार रुपये पगारावर, निर्मितीप्रमुख आणि तांत्रिक सल्लागार म्हणून.

हजार रुपये त्या काळी थोडे नव्हते. पण ज्यानं हा धंदा मांडला तो आता त्याच धंद्यात पगारदार होता. 1920 चं दशक असंच गेलं. कंपनीनं एकूण शंभराच्या आसपास चित्रपट काढले. फाळक्यांशिवाय ग. वि. साने यांच्यासारखे दिग्दर्शकही तयार झाले. नाशिकसारख्या गावात एवढी मोठी निर्मिती सलग चालावी हे आजही नवल वाटण्यासारखं आहे, आणि ते साधलं भागीदारांच्या भांडवलामुळे हे कबूल करायला हवं. फाळक्यांच्या एकट्याच्या हिकमतीवर शंभर चित्रपट निघाले नसते.

पुन्हा स्वतंत्र व्हायची त्यांची धडपड मात्र थांबली नाही. कंपनीतून बाहेर पडून मायाशंकर भट्ट यांच्या पैशावर त्यांनी 'सेतुबंधन' हाती घेतला. पैसे संपले, काम रखडलं, आणि दरम्यान 14 मार्च 1931 रोजी मुंबईत 'आलम आरा' लागला. पडदा बोलू लागला आणि मूकपटाचा बाजार उठला. 1932 साली प्रभात फिल्म कंपनीनं पहिला मराठी बोलपट आणला, तो 'अयोध्येचा राजा'. कथा हरिश्चंद्राचीच, पण ती काढणारी पिढी दुसरी, आणि तिच्याकडे स्वतःचा स्टुडिओ होता. 'सेतुबंधन' मूक चित्रित झाला होता, त्याला मागाहून आवाज जोडावा लागला. फाळक्यांनी पुरता बोलपट असा एकच केला, 'गंगावतरण'. कोल्हापूरच्या छत्रपती राजाराम महाराजांच्या निमंत्रणावरून कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला हा चित्रपट 1937 साली प्रदर्शित झाला. तेव्हा ते सदुसष्ट वर्षांचे होते आणि पैसा सर्वस्वी दुसऱ्याचा होता.

1939 साली मुंबईत चित्रपटसृष्टीचा रौप्यमहोत्सव झाला. उद्योगात आता लाखोंची उलाढाल होती. तिथे व्ही. शांताराम यांनी पुढाकार घेऊन फाळक्यांसाठी घर बांधून द्यायचं आवाहन केलं. पाच हजारांच्या आसपास निधी जमला, प्रभातनं भर घातली आणि नाशिकच्या गोळे कॉलनीत छोटा बंगला उभा राहिला. त्याचं नाव 'हिंद-सिने-जनकाश्रम'. ज्या उद्योगाचा पाया त्यांनी घातला, त्याच्या कमाईतला एक पैसाही हक्कानं त्यांच्याकडे येत नव्हता, जे आलं ते वर्गणीतून आलं. युद्धकाळात कच्च्या फिल्मवर नियंत्रण होतं, चित्रपटाला परवाना लागे. 1944 च्या सुरुवातीला त्यांनी तो मागितला आणि नकार आला. 16 फेब्रुवारीला नाशिकला त्यांचं निधन झालं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी, प्रकृती खालावलेली असताना, हा माणूस पुढच्या चित्रपटाची परवानगी मागत होता!

आजच्या निर्मात्याला फाळक्यांपेक्षा दोन-तीन गोष्टी जास्त मिळतात. फाळक्यांच्या चित्रपटाला तिकीट हे एकच उत्पन्न होतं. आता चित्रपटगृह, दूरचित्रवाणी, ओटीटी, संगीत, इतर भाषांतलं ध्वनिमुद्रण असे हक्क सुटे विकता येतात. मराठी चित्रपटाला परीक्षण होऊन राज्य सरकारचं अनुदान मिळू शकतं. पण पहिला पैसा उभा करायची पद्धत फार बदललेली नाही. संदीप सावंत यांचा 'श्वास' मित्रमंडळींनी पैसे घालून उभा केला. त्याला राष्ट्रीय पुरस्काराचं सुवर्णकमळ मिळालं, आणि ऑस्करच्या प्रचारासाठी शाळकरी मुलांपासून सर्वांनी वर्गणी दिली. चैतन्य ताम्हाणे 'कोर्ट' लिहीत होते तेव्हा विवेक गोंबर यांनी त्यांना दरमहा पैसे दिले, पुढे चित्रपटाची निर्मिती केली आणि त्यात भूमिकाही केली. लेखकाला निवांत वर्ष विकत घेऊन देणं हे निर्मात्याचं सर्वांत न दिसणारं काम. फाळक्यांना तसं वर्ष कुणी दिलं नाही, ते त्यांनी विम्याच्या पॉलिस्यांवर घेतलं.

नव्या निर्मात्यानं त्यांच्या आयुष्यातून एकच बाब तपासायची झाली तर करार तपासावा. चित्रपट कुणाच्या मालकीचा, निगेटिव्ह कुणाच्या ताब्यात, खर्च वाढला तर शेवटचा शब्द कुणाचा, ही तीन कलमं चित्रणाआधी कागदावर यायला हवीत. दोस्तीत कागद नको वाटतो. फाळक्यांचे भागीदार काही परके नव्हते, आणि मायाशंकर भट्टांनी तर इतक्या वितुष्टानंतर 'सेतुबंधन'ला पैसे दिले. माणसं वाईट नव्हती. कामाच्या वेगाबद्दलच्या दोघांच्या कल्पना वेगळ्या होत्या, आणि त्या आधी बोलून घेतल्या नव्हत्या.

फाळक्यांचं बहुतेक काम नष्ट झालं आहे. ती नायट्रेटची फिल्म होती. तिला आग चटकन लागते, आणि आग नाही लागली तरी ती कुजते. 1964 साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. तिथले पी. के. नायर यांनी फाळक्यांच्या कुटुंबीयांकडे वगैरे विचारपूस करत तुकडे मिळवले आणि जुळवले. 'लंकादहन'चे काही अंश आहेत, 'राजा हरिश्चंद्र'ची रिळं आहेत. सर्वांत जास्त सलग हाती लागला तो 'कालिया मर्दन'. त्याच्या सुरुवातीला कृष्णाचा वेष नसलेली मंदाकिनी साध्या रूपात समोर येते आणि एकामागून एक हावभाव करून दाखवते, राग, रडू, हसू, आणि मग कृष्ण होते. बापाचा हात कॅमेऱ्यावर किती सरावलेला होता ते तिथे दिसतं. हा चित्रपट हिंदुस्थान फिल्म कंपनीचा, भागीदारांच्या भांडवलावर झालेला, आणि तो झाला त्याच वर्षी फाळक्यांनी ती कंपनी सोडली.